आधी टेल, मग हेड

(बारामतीचे मकबूलभाई भोंगेवाले यांनी सांगितलं तसं)

माजं नाव मकबूल, पन नुसतं मकबूल म्हणून इचारलं तर बारामतीत तुमाला कुणी माजं घर दाखवायचं न्हाय, भोंगेवाले म्हणा, लगीच कुणीबी दारात आणून सोडंल. आमच्या अब्बांचं लाऊडस्पीकरचं दुकान हुतं, दुकान कसलं, पत्र्याची एक खोली, तिच्यात दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर, बॅटरी आन् तबकड्यांची पेटी. लगीन आसू द्या, उरूस आसू द्या, गणपती आसू द्या, कुस्त्यांचा फड आसू द्या, भोंगा आमचाच. अब्बा वायरी जोडायचे आन् मी माईकवर बोलायचो. शाळा सातवीपातूर, पुढं न्हाय, पन बोलायला मला शाळा लागली न्हाय ताई. जत्रंत कुणाचं लेकरू हरवलं तर मी आसा पुकारा करायचो का त्याच्या आईच्या आधी दुसऱ्याच बाया पदर डोळ्याला लावायच्या. लोक म्हणायचे, मकबूलनं सांगितलं म्हंजी खरं आसणार. आता हसू येतंय त्याचं, पन म्हणायचे.

मला एकच बहीण, हमिदा, माज्यापेक्षा चार वर्सांनी धाकटी. तिला दिली इंदापूर तालुक्यात, अंथुर्ण्याच्या बी पुढं एक वस्ती हाय तितं. तिच्या लग्नात माईकवर मीच, पाव्हणेमंडळींनी जेवल्याबिगर जाऊ नये, आसं दिवसभर वरडत हुतो, आन् ती जायला निघाली तवा माजा आवाजच फुटंना, अब्बांनी माईक हातातनं काढून घेतला आन् वायर गुंडाळली. तिचा नवरा पुढं लवकर गेला. दीड एकर रान हाय, ती एकटीच बघती, पोरगा पुण्यात गाडी चालवतो.

आता ती वस्ती टेलला हाय. तुमी शहरातल्या, तुमाला टेल सांगायला पाहिजे. धरणातनं कॅनॉल निघतो, त्याला फाटं फुटत्यात, फाट्याला चाऱ्या. जितनं पाणी निघतं त्यो हेड, जितं संपतं त्यो टेल. नेम आसा हाय का पाण्याची पाळी सुटली म्हंजी पाणी आधी टेलला न्यायचं आन् तितनं भिजवत भिजवत वर हेडला यायचं. कागदावर हाय ह्ये. खरं काय हुतं, हेडवाल्याची मोटार आधी सुरू हुती, त्याचा ऊस डोक्यायवढा झाला तरी त्याची तहान भागत न्हाय, आन् टेलला पाणी पोचतं ते कसं, तर चारीची माती काळी पडली का म्हणायचं पाणी आलं. हमिदाचं रान टेलच्या बी टेलला. तिच्या बांधाच्या पुढं चारीच न्हाय.

आन् तात्या. तात्या म्हंजी आत्ताचे मंत्री वो, नाव घेत न्हाय मी, घ्यायची लाजच वाटती. ह्यो तात्या पाटकरी हुता. पाटकरी म्हंजी कॅनॉलची दारं उघडणारा, लावणारा सरकारी माणूस. सायकलवर फिरायचा, कॅरेजला दारं फिरवायची लोखंडी चावी बांधल्याली. काय सांगू तुमाला, तवाचा तात्या माणूस हुता. एका उन्हाळ्यात त्यानं वरच्या समद्या बड्या लोकांची दारं लावली, सवता दाराशी पटका टाकून बसला, आले तेंना म्हणला, मला कॅनॉलात ढकला आन् मग दार उघडा. पाणी टेलला गेलं. हमिदाच्या चारीला गुडघ्यायवढं पाणी, बाया चारीत उभ्या राहून हसत हुत्या, म्या डोळ्यानं बघितलंय. मग काय, वरच्या लोकांनी फोन फिरवलं आन् तात्याला घरी बसवलं. त्यानं नोकरीच सोडली. टेलच्या लोकांनी त्याला उचलून धरला, म्हणले तात्या, तुमी उभं राहा, आमी हाय. तितनं ह्यो पक्ष निघाला. मोट चिन्ह घेतलं, हिरीतनं पाणी काढायची मोट. नव्या पोरांनी कवा बघितली न्हाय ती, कुणी म्हणायचं पिशवी, कुणी म्हणायचं टोपडं.

पहिली सभा अंथुर्ण्याच्या बाजारात, भोंगा माजा. सभा म्हंजी काय, एक स्टूल, तात्या, आन् दहाएक माणसं, त्यातली दोन माजी वायरी धरणारी. तात्याचा आवाज आसला, पिपाणीत पाणी गेल्यावानी. कलम आमुक, नेम तमुक सांगाय लागला, लोक कांद्याकडं वळली. मला राहवंना. माईक घेतला हातातनं. म्हणलं, बाजारकरांनो, लग्नाच्या पंगतीत शेवटच्या पानावर भाजी पोचली का न्हाय ते वाढपी बघतो का न्हाय, शेवटचं पान उपाशी राहिलं तर नाक कुणाचं जातं, यजमानाचं जातं का न्हाय, मग पाण्याच्या पंगतीत आपल्या पानाकडं कुणी का बघत न्हाय? आधी टेल, मग हेड! आता ह्ये कुठनं आलं मला म्हाईत न्हाय, जिभंवर आलं आन् सोडलं. आधी टेल, मग हेड! कांदेवाला बी वरडला. तात्यानं मला तितंच मिठी मारली, स्टुलावरनं पडता पडता राहिला.

म्हंजी ध्यानात घ्या, ती घोषणा माजी हाय. माज्या तोंडातली. पुढं जे झालं त्यात मी न्हवतोच आसं मला म्हणता येत न्हाय.

मग काय, पक्ष वाढला. ग्रामपंचायती आल्या, मग पंचायत समिती, मग झेडपी, मग दोन आमदार, मग लांबलांबच्या जिल्ह्यातली लोक यायला लागली, म्हणायची, आमचा बी टेलच हाय. मी गावोगाव फिरत हुतो, आधी रिक्षात, मग जीपमधी. आन् तात्याच्या मागं माणसं बदलायला लागली. चारीत उतरल्याली माणसं मागं गेली आन् कडक इस्त्रीची पुढं आली. एक दिवस बघतो तर स्टेजवर कोण, ज्याचं दार तात्यानं त्या उन्हाळ्यात लावलं हुतं त्योच, हार घालून बसल्याला, दाताड काढून. म्या तात्याला कानात म्हणलं, तात्या, ह्यो हितं कसा? तात्या म्हणला, मकबूल, त्याला चूक कळली, त्याला पश्चात्ताप झालाय. पश्चात्ताप! त्याच्या मोटारीला झाला का म्हणलं, मोटार अजून तितंच हाय. तात्या हसला. तवाच मला कळायला पाहिजे हुतं, पन मी बी काय साधुसंत न्हवतो. मला छापील कार्ड दिलं हुतं, प्रचारप्रमुख म्हणून, मी ते पाव्हण्यारावळ्यांत वाटत हुतो, दाढी करणाऱ्याला सुदा दिलं. माणूस कार्डावर मरतो ताई. कुत्र्याला भाकरी लागती, माणसाला कार्ड.

सरकार यायच्या निवडणुकीत मला पुण्याला न्हेलं. एक काचंची खोली, कानाला डबडी लावली, फुडं कागद धरला. कागदावर लिवल्यालं, आपलं सरकार आलं का पहिली पाळी टेलला. एवढंच हुतं. म्या वाचलं, आन् सवयीनं तोंडातनं गेलं, ह्यो मकबूलचा शब्द हाय. कागदावर न्हवतं ते. काचंच्या पलीकडचा माणूस म्हणला, वा काका, ह्ये ठेवू या. ठेवलं. मग काय इचारता, दोन्ही तालुक्यात, सोमेश्वरनगरच्या ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्यांपातूर, सकाळपासनं सांजपातूर प्रचाराच्या गाडीतनं मीच, ह्यो मकबूलचा शब्द हाय, ह्यो मकबूलचा शब्द हाय.

हमिदाचा फोन आला. म्हणली, भाईजान, गाडीत तूच बोलतोयस न्हवं? म्हणलं, मीच. म्हणली, खरं हाय का रं, म्हंजी मी पेरू लावते, एक एकरभर लावते, पन पाणी येणार आसंल तरच. आता बघा, मी तवा म्हणू शकत हुतो का थांब बाई, तात्याला इचारून सांगतो. पन न्हाय. मी म्हणलं, लाव, बिनघोर लाव, माजा शब्द हाय. सख्ख्या बहिणीला सुदा मी भोंग्यातनंच बोललो. तिनं शेळ्या इकल्या आन् रोपं आणली.

निवडणूक झाली, कुणालाच पुरं बहुमत न्हाय. तात्याचे आमदार तराजूच्या काट्यावर. आन् तात्या गेला कुणाबरुबर, तर ज्यांना गावोगाव पाणीचोर पाणीचोर म्हणून माज्या तोंडानं शिव्या घातल्या हुत्या तेंच्याच बरुबर. तात्या मंत्री झाला. आमी टेंपो भरून मुंबईला गेलतो शपथ बघायला. आमाला आत कोण सोडतंय, बाहीरच्या पडद्यावर बघितलं. तात्या शपथ घेताना तीच पिपाणी, पन त्या दिवशी समदी टाळ्या वाजवत हुती, सरकारी पिपाणी हुती न्हवं ती. परत आल्यावर मिरवणूक, गुलाल, जेसीबीतनं फुलं. म्या नाचलो. ह्या वयात नाचलो, लाज सोडून.

पहिल्या उन्हाळ्यात पाळी सुटली. हमिदा चारीवर जाऊन बसली. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. चारीत पाला उडत हुता. वर काय झालतं, ती इस्त्रीवाली मंडळी, तेंनी कॅनॉलच्या कडंला मोठमोठाली तळी खांदल्याली, प्लास्टिक हातरून, त्यात पाणी उपसून घेत हुती. पाळी तेंच्याच तळ्यात संपली. हमिदानं ती रोपं हंड्यानं जगवली. दोन उन्हाळं हंड्यानं. डोक्यावर हंडा, बांधाबांधानं. मला एक शब्द बोलली न्हाय. मी फोन केला का म्हणायची, बरं हाय भाईजान, तू खाल्लंस का.

तिसऱ्या उन्हाळ्यात हीर बी आटली. तवा मी गेलो तात्याकडं. रेस्ट हाऊसवर हुता. सकाळी गेलो, दुपार कलल्यावर आत घेतलं. आत कोण बसलंय, तर हेडवालं, समदं हेडवालं, चहा पीत. तात्यानं मला बघून हात पसरले, या भोंगेवाले! म्हणलं, तात्या, टेलला पाणी न्हाय, हमिदाची पेरूची झाडं चाललीत, म्या शब्द दिलाय. तात्या म्हणला, मकबूल, टेल टेल करायचे दिवस गेले, आता राज्यात आपनच हेडला आलोय, हेडला आल्यावर समद्यांना धरून चालावं लागतं. आन् ती समदी हसली. मी इचारलं, तात्या, तुमची चावी कुठं हाय वो? म्हणला, कसली चावी? दारं फिरवायची, म्हणलं, सायकलला आसायची ती. त्याला खरंच आठवंना बघा. म्हणलं, तात्या, पाटकरी आसताना तुमी टेलला जेवढं पाणी दिलं, तेवढं मंत्री हून दिलं न्हाय, मग ह्यो पक्ष आमी कशाला काढला, तुमचं प्रमोशन व्हावं म्हणून?

आन् मग तात्यानं काय केलं म्हाईत हाय का? पीएला खूण केली. पीएनं शाल आणली, नारळ आणला, तात्यानं माज्या अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला, फोटो काढला. पक्षाचे जुने निष्ठावंत कार्यकर्ते! टाळ्या. पाणी मागायला गेलो आन् नारळ घेऊन आलो. लोकांना नारळ देत्यात आसं नुसतं म्हणायची पद्धत हाय, मला खराखुरा दिला. जीपवाल्यानं इचारलं, फोडायचा का? म्हणलं, फोड तुज्या डोक्यावर.

त्या साली पेरू गेले. दिवाळीनंतर मी हमिदाकडं गेलो तर ती चुलीम्होरं बसल्याली, भाकरी करत हुती, चुलीत लाकडं सारत हुती, सरळ सरळ, मनगटायवढी. म्या वळखलं. ती म्हणली, पेरूचं लाकूड चांगलं जळतंय रं, धूर करत न्हाय. मला वाढलं. म्या खाल्लं. काय करणार, बहिणीच्या दारातनं उपाशी उठता येत न्हाय. ती दोनदा पाणी देऊन गेली.

आता परत निवडणुका आल्यात. मी मनात ठरवलं हुतं, बोलवाय आले तर दारातनंच हाकलायचं, काय काय बोलायचं ते बी तयार ठेवलतं. पन बोलवायला कोण येतंय? कुणी आलंच न्हाय. आन् एक दिवस चौकातनं गाडी गेली आन् तिच्यात मीच बोलतोय. जुनं न्हाय, नवं. टेलला पाणी आलं का न्हाय बहिणींनो? आलं! तात्यासाहेबांनी करून दाखवलं! ह्यो मकबूलचा शब्द हाय! ताई, म्या ह्ये जल्मात बोललो न्हाय. मी रस्त्यात उभा, हातात दुधाची पिशवी, आन् माजाच आवाज माज्या म्होरनं चाललाय. शेजारचा म्हणतो, मकबूलभाई, झ्याक बोललाय.

गेलो पक्षाच्या हाफिसात. एक चष्मेवाला माणूस लॅपटॉपवर. म्हणलं, ह्ये मी बोललो न्हाय. म्हणला, तुमी न्हाय काका, कंप्यूटर बोललाय, तुमचं जुनं रेकॉर्डिंग हुतं, त्यावरनं आता काय पायजे ते बोलून घेता येतं, तुमाला यायची गरज न्हाय. बंद करा म्हणलं, माजा आवाज हाय. त्यो म्हणला, तवा पक्षासाठीच बोलला हुता न्हवं, मग आवाज पक्षाचा. आन् काका, म्हणला, कंप्यूटर तुमच्यापेक्षा बरं बोलतो, मधी खोकत न्हाय. थुंकायला सुदा तितं जागा न्हवती, समदीकडं फरशी.

म्या सरळ एस्टी धरली आन् हमिदाकडं गेलो. गाडीच्या आधी पोचायचं हुतं. तिनं तो आवाज माज्या आधी ऐकला तर तिला वाटायचं, भावानं आता पाणी आलंबी म्हणून टाकलं, माज्या चुलीतली लाकडं बघून गेला आन् तरी आलं म्हणला. एस्टी अंथुर्ण्यात थांबली, तितनं एकाच्या मोटरसायकलवर मागं बसून गेलो. हमिदा दारात शेंगा फोडत बसल्याली. मी टेकलो न् टेकलो तवर गाडी आलीच. टेलला पाणी आलं का न्हाय बहिणींनो? आलं!

हमिदानं हातातली शेंग तशीच धरली. माज्याकडं बघितलं. म्हणली, कवा बोललास ह्ये? म्हणलं, म्या न्हाय बोललो, मशीन बोलतंय, तुजी शपथ. ती उठली, पदर खोचला, गाडीच्या म्होरं जाऊन उभी राहिली. डायवरला म्हणली, बंद कर ते. डायवर म्हणला, आजी, वरनं आलंय, बंद करता येत न्हाय. ती म्हणली, आरं, जो बोलतोय त्यो माज्या वट्यावर बसलाय, त्याला बोलू दे की.

बंद केलं त्यानं. वस्तीवरची पंधरा-वीस माणसं जमली, बाया मागं, वयस्कर लोक बांधावर. आन् माज्याकडं बघाय लागली. चाळीस वर्सं मी बोलत आलोय ताई, पन हातात माईक न्हाय, कागद न्हाय, कार्ड न्हाय, आसं कवाच बोललो न्हवतो. तोंड उघडलं तर नुसता वारा. मग म्हणलं, पाणी आलं न्हाय. गाडीतलं खोटं हाय. आन् गाडीतलं आत्ताचं खोटं हाय त्याच्या आधी मी सवता खोटं बोललो, तुमास्नी बी आन् हिला बी, ते मशीन न्हवतं, ते मीच हुतो.

मग मागनं एक म्हातारी म्हणली, मकबूलभाई, भोंग्याबिगर तुजा आवाज लई बारीक हाय रं, मागं ऐकू आलं न्हाय, परत बोल. म्हणून मी मागं गेलो, बायांच्यात, आन् परत बोललो. आधी मागच्यास्नी सांगायचं, तेच राहिलं हुतं.

तवापासनं मी ह्येच करतो. दिसाआड एका वस्तीवर जातो, टेलच्याच, आन् नुसत्या तोंडानं सांगतो. काय उपयोग हुतो? कायबी न्हाय. गाडी दिवसात वीस गावं करती, मी एक. लोक म्हणत्यात, गाडीतला मकबूल जास्त चांगला बोलतो. तात्या परत येणार, मंत्री हुणार, ह्ये मला बी कळतंय, तुमाला बी कळतंय. हमिदा आता रानात करडई करती, करडई जमिनीतल्या वलीवर येती, तिला कुणाचा शब्द लागत न्हाय. परवा तिनं फोन केला, म्हणली, भाईजान, घसा जप. एवढंच म्हणली, पन मला बरं वाटलं.

मी पाच वेळा न्हाय, पन दोन वेळा तरी नमाज पढतो. हमिदासाठी दुवा मागतो, तिच्या पोरासाठी मागतो. आन् खोटं कशाला सांगू, तात्यासाठी बी मागतो. अल्ला, त्याला शंभर वर्सं आयुष्य दे, मंत्री ठेव, मुख्यमंत्री कर, मोटारी दे, बंगलं दे, काय पायजे ते दे त्याला. फकस्त त्यातला एक उन्हाळा, एकच, हमिदाच्या वस्तीवर काढू दे.